मदत हवी आहे: एकाच पिल्लात सर्कोव्हायरसचे दोन प्रकार
मुरबाडजवळ आमच्या दादाचं वराहपालन आहे. दूध तोडलेली पिल्लं खातात, पण अंगी लागत नाही. पाठीचा कणा दिसतो, जांघेतल्या गाठी सुपारीएवढ्या झाल्यात. लॅबला एकाच पिल्लाच्या नमुन्यात पीसीव्ही 2 (डुकरांना होणारा सर्कोव्हायरस) या विषाणूचे बी आणि डी दोन्ही प्रकार सापडले. जगभरात आधी ए जास्त होता, 2000 नंतर बीने त्याला मागे टाकलं, मग डी वरचढ झाला, एवढं वाचलंय. पण एकाच शरीरात दोघं असले की एक दुसऱ्याला दाबतो, की मिसळून तिसराच तयार होतो? आमची लस ए प्रकारावर बेतलेली आहे. डीवर कितपत चालेल? (विकणारा काय, ‘हो’च म्हणणार.) परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात नेमकं कोणत्या विभागात जावं? कल्याण-शहापूरकडच्या कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.