मदत हवी आहे: व्हीएचं पायांचं रेटिंग वाढवून घेताना

नमस्कार मंडळी. माझे यजमान अमेरिकन आर्मीत होते. सपाट तळव्यांसाठी त्यांना व्हीएचं (माजी सैनिकांचं अमेरिकी सरकारी खातं) १० टक्के रेटिंग, म्हणजे अपंगत्वाचं ठरवलेलं प्रमाण, आहे, दोन्ही पाय धरून. आता घोटे आत कलतात, उभं राहिलं की सूज येते, डॉक्टरांनी दिलेले इन्सोल घालूनही फरक नाही. नियम वाचले तर दोन्ही पायांचा त्रास ‘सिव्हिअर’ (तीव्र) ठरला तर ३०, ‘प्रोनाउन्स्ड’ (अतितीव्र) ठरला तर ५० टक्के. ‘इंटेन्ट टू फाइल’ (अर्ज करणार असल्याची आगाऊ सूचना) दिलंय, म्हणजे पूर्ण अर्जाला वर्षभर मुदत.

अडलंय ते गुडघ्यापाशी. चाल बिघडल्यामुळे उजवा गुडघाही गेला. तो ‘सेकंडरी’ (आधीच्या दुखण्यामुळे झालेला) म्हणून याच अर्जात घालावा ना? त्यासाठी पोडियाट्रिस्टचं (पायांच्या डॉक्टरांचं) पत्र चालेल की ऑर्थोपेडिकचंच लागेल? शिवाय प्लांटर फॅसायटिसचंही (तळव्याच्या स्नायुपट्ट्याची सूज, टाचदुखी) निदान झालंय, पण एकाच दुखण्याचं रेटिंग दोनदा मिळत नाही म्हणतात. मग ते वेगळं मागण्यात अर्थ आहे का?

दुसरी काळजी सी अँड पी तपासणीची (रेटिंग ठरवण्यासाठी व्हीए करवते ती वैद्यकीय तपासणी). हे जुन्या वळणाचे, डॉक्टरांसमोर ‘ठीक आहे’ म्हणून मोकळे होतील! दुखणं उसळतं त्या दिवसांची नोंद मी ठेवतेय. माझं लेखी निवेदन जोडलं तर तपासणारे ते खरंच बघतात का?

मान्यताप्राप्त सर्व्हिस ऑफिसर (माजी सैनिकांना अर्जात मदत करणारे) फुकट मदत करतात हे माहीत आहे, त्यामुळे पैसे घेणारे सल्लागार कृपया सुचवू नका. वाढ मागितल्यावर उलट रेटिंग कमी झाल्याचा अनुभव कुणाला आहे का?