आफ्रिकन सफारीनंतर टॅक्सीडर्मीचं बिल: आउटफिटरची छुपी टक्केवारी असते का?

ह्यूस्टनकर_७८

नमस्कार मंडळी. मी मूळचा साताऱ्याचा, गेली ११ वर्षं ह्यूस्टनला आहे. इथे ऑफिसातले बरेचजण शिकारीला जातात, त्यांच्या नादाने मीही लायसन काढलं आणि यंदा जूनमध्ये आम्ही तिघं दक्षिण आफ्रिकेत लिंपोपोला ७ दिवसांच्या सफारीला गेलो. मला एक कुडू (लांब शिंगांचं हरणासारखं मोठं जनावर), एक ब्लू विल्डबीस्ट, एक इम्पाला आणि एक वॉर्टहॉग (रानडुक्कर) मिळाला. डेली रेट आणि प्रत्येक जनावराची ट्रॉफी फी आधीच लेखी ठरलेली होती, त्यात एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही, आमचा पीएच (प्रोफेशनल हंटरला तिकडे सगळे पीएचच म्हणतात) तर फार चांगला माणूस, त्याच्याबद्दल काहीच तक्रार नाही.

पण शेवटच्या दिवशी विमानतळाकडे जाताना गाडी मध्येच एका टॅक्सीडर्मी स्टुडिओत (जिथे मारलेली जनावरं भरून टिकवतात) थांबवली. "आम्ही कायम यांच्याकडेच माल देतो" म्हणाले. आत भिंतीभर ट्रॉफ्या, कॉफी दिली, कॅटलॉग दाखवला, माझं विमान साडेचार तासांवर. चार शोल्डर माउंटचे (भिंतीवर लावायची खांद्यापर्यंतची भरलेली डोकी) मिळून ३,६५० डॉलर सांगितले आणि निम्मे म्हणजे १,८२५ तिथेच कार्डवर घेतले. पाठवणी वेगळी, तिचा आकडा नंतर कळवू म्हणाले.

घरी आल्यावर माझ्या एका सहकाऱ्याने सहज म्हणून त्याच स्टुडिओला स्वतः ईमेल करून त्याच चार जनावरांचा रेट विचारला, कुठल्या आउटफिटरकडून (सफारी चालवणाऱ्याकडून) आलो वगैरे काही न सांगता. उत्तर आलं ३,१०० डॉलर. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. ५५० डॉलरने मी काही रस्त्यावर येणार नाही पण सात दिवस ज्यांच्या ताटात जेवलो त्यांनी हे सांगितलं असतं तर मी हसत दिले असते. हे असंच चालतं का? आणि काम सुरू व्हायच्या आधी नुसतं डिप अँड पॅक (कातडी सुकवून, औषधात बुडवून पॅक करणं) करून इकडे टेक्सासमध्ये माउंट करून घेतलं तर स्वस्त पडेल का?

प्रिटोरियाचा_हिशेबनीस

दादा, ३,६५० मधून १५ टक्के काढा. ३,१०२ येतात. तुमचं उत्तर तिथेच आहे.

मी इथे प्रिटोरियात अकाउंट्सचं काम करतो, आणि काही वर्षं एका टॅक्सीडर्मी स्टुडिओची वह्या-बिलं माझ्याकडे होती (तुमचा तो नव्हे, नाव नाही सांगणार). दर महिन्याला एक पान असायचं, "रेफरल" नावाचं. कुणाच्या गाडीतून कुठला पाहुणा आला, त्याचं बिल किती, त्यावर किती द्यायचे. बहुतेकांना १० ते १५ टक्के, मोठा आउटफिटर असेल तर त्याहून जास्त मागायचा. काही ठिकाणी पैसे आउटफिटरला जायचे, काही ठिकाणी थेट पीएचला, आणि बुकिंग एजंट अमेरिकेत बसलेला असेल तर कधीकधी त्यालाही. नुसत्या डिप अँड पॅकवर सुद्धा कट असतो, फक्त रक्कम लहान असल्यामुळे कुणाच्या डोळ्यावर येत नाही. शिपिंग एजंटकडूनही काहींना मिळतो.

आता दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर अन्याय होईल. अमेरिकेत जानेवारी-फेब्रुवारीत शिकाऱ्यांची मोठी कन्व्हेन्शन्स भरतात, तिथे हे आउटफिटर स्टॉल लावतात, विमानाचं तिकीट, स्टॉलचं भाडं, शिवाय लिलावासाठी आख्खी सफारी दान द्यावी लागते. डेली रेट एकमेकांशी स्पर्धा करून करून इतके खाली आलेत की त्यात स्वयंपाकी, ट्रॅकर, डिझेल, पीएचचा रोज हे सगळं भागवणं कठीण. मग तूट भरून काढायची कुठून, तर जिथे गिऱ्हाईक किंमत तपासत नाही तिथून. म्हणजे सफारी स्वस्तात विकली आणि उरलेलं तुमच्या कुडूच्या मानेतून वसूल केलं.

आपल्याकडे सुतार आपल्याला प्लायवूडच्या ठराविक दुकानात घेऊन जातो ना, तसंच. सुतार वाईट नसतो. पण दुकानदाराने त्याचा टक्का आपल्याच बिलात टाकलेला असतो, आणि तो आपल्याला सांगत नाही ही खरी गोची आहे. कमिशन घेण्याला माझा विरोध नाही. लपवण्याला आहे. कारण लपवलं की पीएच तुम्हाला चांगल्या कारागिराकडे नेत नाही, जास्त टक्का देणाऱ्याकडे नेतो, आणि ते तुम्हाला दोन वर्षांनी क्रेट उघडल्यावर कळतं.

कायद्याचं म्हणाल तर इथला २००८ चा ग्राहक संरक्षण कायदा तुमच्या बाजूचा आहे. त्यात मध्यस्थाने काय माहिती उघड करायची याचं वेगळं कलम आहे, आणि "अमुक एका तिसऱ्याकडूनच काम करून घ्या" अशी सक्ती सहसा करता येत नाही असंही आहे. व्यवहार इथे झालाय. म्हणून कोर्टात जा असं नाही सांगत, पण ईमेलमध्ये एक ओळ टाकायला हरकत नाही.

क्रेटवाला_अटलांटा

मी फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये आहे, शिकारीचं मला काही कळत नाही पण या क्रेट्स मी रोज बघतो. ह्यूस्टनकर, तुम्ही माउंटच्या किमतीवर अडकलात, खरा पैसा जातो तो हवेच्या भाड्यात.

विमानात वजन दोन प्रकारे मोजतात, काट्यावरचं आणि आकारमानाचं, जे जास्त त्यावर पैसे. आकारमानाचं म्हणजे लांबी रुंदी उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं. तुमचे चार शोल्डर माउंट बसवलेला क्रेट समजा १२० बाय १०० बाय ११०, तर ते २२० किलो झाले, जरी आतला माल उचलायला दोघं पुरे असले तरी. उलट डिप अँड पॅक म्हणजे सुकवलेल्या, औषधात बुडवलेल्या कातड्या घडी घालून आणि कवट्या-शिंगं, तो क्रेट १२० बाय ६० बाय ६० मध्ये बसला तर ७२ किलो. तिप्पट फरक. तो क्रेट लांब करतं ते कुडूचं शिंग, ते दुमडता येत नाही. म्हणून माउंट तिकडेच करणार असाल तर शिंगं काढता-घालता येतील अशी बसवायला सांगा, कुडूचं शिंग आतल्या हाडावरून निघतं, चांगला कारागीर हे सहज करतो आणि क्रेट एकदम लहान होतो. हे न विचारता कुणी करत नाही, कारण मोठ्या क्रेटने त्यांचं काही बिघडत नाही.

पण लगेच डिप अँड पॅककडे धावू नका. कच्ची कातडी अमेरिकेत आणायची तर ती कृषी खात्याने मंजूर केलेल्या टॅक्सीडर्मिस्टकडेच उतरवावी लागते, तिकडच्या खुरकुत रोगामुळे. आणि वॉर्टहॉग तर डुकराच्या जातीचा, आफ्रिकन स्वाइन फिव्हरमुळे त्याची तपासणी आणखी कडक. म्हणजे तुमच्या गल्लीतला टॅक्सीडर्मिस्ट चालेलच असं नाही, आधी त्याला विचारा की तुझ्याकडे अप्रूव्हल आहे का. नसेल तर माल आधी दुसऱ्या मंजूर जागी जाणार, तिथून याच्याकडे, भाडं पुन्हा.

तुमच्या बाजूने एक चांगलं, ह्यूस्टन हे फिश अँड वाइल्डलाइफचं (अमेरिकेच्या वन्यजीव खात्याचं) ठरलेलं पोर्ट आहे त्यामुळे माल थेट तुमच्याकडे उतरू शकतो. आणि तुमच्या चारपैकी एकही जनावर साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत नाही, ती डोकेदुखी वाचली. झेब्रा (डोंगरातला) किंवा बबून असता तर अजून परमिटं, बिबट्याचं तर विचारूच नका.

तेव्हा तुलना करायची ती "भिंतीवर लागेपर्यंत एकूण किती" अशी करा. माउंट, क्रेट, तिकडची कागदपत्रं, भाडं, इकडचा कस्टम्स ब्रोकर, घरापर्यंतची ट्रक. दोन्ही पर्यायांचा पूर्ण आकडा लिहून मागवा.

सह्याद्रीची_लेक

मला बोलल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहितेय. पैसे कुणी किती खाल्ले यावर एवढी चर्चा आणि त्या कुडूबद्दल एक शब्द नाही. लहानपणी कोल्हापूरला न्यू पॅलेसमध्ये ते पेंढा भरलेले वाघ, गवे बघून मी रात्रभर झोपले नव्हते. आपण १९७२ चा कायदा केला, शिकार बंद केली, ते उगाच नाही केलं. आणि हो, ह्यूस्टनकर, यातलं काही उद्या साताऱ्याच्या घरी लावायला आणायचा विचार असेल तर करू नका, इकडे वन्यप्राण्यांचे अवयव आणणं हा सरळ कस्टम्सचा आणि वनखात्याचा मामला होतो.

ह्यूस्टनकर_७८

ताई, तुमचं म्हणणं मनापासून ऐकलं. साताऱ्याला काही नेणार नाही, आईच उभं करणार नाही दारात. मी ज्या रँचवर गेलो ती खाजगी, कुंपणाची, तिथलं सगळं मांस रँचवरच्या लोकांनी आणि आम्ही खाल्लं, इम्पालाचं तर आम्हीच दोन दिवस खात होतो. तरी तुमचा विरोध असू शकतो, ते मला मान्य आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढूया का? इथे माझा पैशाचा प्रश्न अडकलाय.

विंडहुकहून

मी नामिबियात एका शिकारीच्या लॉजवर ३ वर्षं किचन आणि स्टोअर सांभाळलंय, आता विंडहुकला आहे. वरच्या हिशेबात एक माणूस कुणालाच आठवला नाही तो म्हणजे स्किनर, जनावर सोलणारा.

तुमचं माउंट चांगलं होणार की नाही हे स्टुडिओत ठरत नाही हो, ते त्याच संध्याकाळी शेडमध्ये ठरतं. जनावर पडल्यावर उन्हात किती वेळ बक्कीवर (पिकअप गाडीला तिकडे बक्की म्हणतात) ठेवलं, कातडी मानेपासून नाही तर खांद्याच्या बरीच मागून कापली का (शोल्डर माउंटला भरपूर केप, म्हणजे मान-खांद्याची कातडी लागते, कमी कापला की कारागीर काही करू शकत नाही), कान आतून उलटे केले का, ओठ आणि डोळ्यांच्या कडा चिरून त्यात मीठ चोळलं का. मीठ म्हणजे हातचं राखून नाही, ढिगाने लागतं. एक रात्र आळस केला तर केस सुटायला लागतात, त्याला तिकडे स्लिप म्हणतात, आणि ते महिन्यांनी टॅनिंगमध्ये (कातडी कमावताना) दिसतं, मग स्टुडिओ म्हणतो रँचची चूक आणि रँच म्हणते स्टुडिओची.

आमच्या लॉजवर दोन भाऊ होते स्किनर, धाकटा तर इतका सफाईदार की विल्डबीस्टचं तोंड सोलताना पापणीला नख लागू द्यायचा नाही. त्यांना त्या टक्केवारीतलं काहीही मिळायचं नाही. पाहुणे निघताना पीएचला पाकीट द्यायचे, वेट्रेसला द्यायचे, आणि शेड मागे असल्यामुळे तिकडे कुणी फिरकायचंच नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं, मी मग पाहुण्यांना मुद्दाम कॉफीच्या निमित्ताने मागे घेऊन जायचो. तुम्ही ५५० डॉलर परत मिळवाल, मिळवाच, पण पुढच्या वेळी जाल तेव्हा पहिल्या दिवशी शेडमध्ये जा, मिठाची पोती मोजा, स्किनरचं नाव विचारा. स्टुडिओ कुठला यापेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

ह्यूस्टनकर_७८

अपडेट देतो. तुमच्या सगळ्यांच्या सांगण्यावरून स्टुडिओला आणि आउटफिटरला एकच ईमेल केली, दोघांना एकत्र, म्हणजे एकमेकांवर ढकलता येऊ नये. सरळ विचारलं की ३,६५० मध्ये रेफरल किती आहे, आणि आयटमप्रमाणे बिल द्या. आवाज चढवला नाही.

स्टुडिओने चार दिवस उत्तरच दिलं नाही. आउटफिटरचा मात्र दुसऱ्याच दिवशी फोन. म्हणाला हो, १५ टक्के घेतो, सगळेच घेतात, तुला सांगायला हवं होतं. त्याच्या आवाजात संकोच होता हे मला जाणवलं. त्याने स्वतःहून स्टुडिओला सांगून बिल ३,१०० करून घेतलं, आणि शिंगं काढता येतील अशी बसवायची हेही लेखी घेतलं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. टेक्सासमधल्या एका अप्रूव्हल असलेल्याकडून पण पूर्ण आकडा मागवला होता, भाडं वाचतं पण त्याचे माउंटचे दर इतके जास्त की शेवटी माझ्या केसमध्ये तिकडेच करणं बरं पडतंय. वॉर्टहॉगचं फक्त युरोपियन, म्हणजे नुसती पांढरी केलेली कवटी आणि सुळे, असं बदलून घेतलं, तो क्रेटमध्ये कोपऱ्यात बसेल.

वाचलेल्या पैशातले काही आउटफिटरमार्फत स्किनरला पाठवायला सांगितलेत. त्याचं नाव मला माहीत नव्हतं, फोनवर विचारून घेतलं.

आता एकच विचारायचं, काम व्हायला १२ ते १४ महिने म्हणतायत. या काळात मी काय मागत राहू?

प्रिटोरियाचा_हिशेबनीस

छान केलंत, आणि फोन करणारा आउटफिटर मिळाला म्हणजे तुम्ही नशीबवान, बहुतेक गप्प बसतात.

आत्ताच्या आत्ता शिकारीच्या नोंदणीची तुम्ही सही केलेली प्रत आणि परमिटची कॉपी आउटफिटरकडून मागून घ्या, वर्षभराने माणसं बदलतात आणि त्या एका कागदावाचून क्रेट गोडाऊनमध्ये पडून राहतो, भाडं तुमच्या नावावर चढतं. कातडी टॅन होऊन आली की फोटो मागा, केस सुटलेत का ते तेव्हाच दिसेल आणि तेव्हाच बोलता येईल. उरलेले पैसे माउंटचे फोटो चारी बाजूंनी बघितल्याशिवाय देऊ नका. आणि क्रेटला खिळे ठोकायच्या आधी एक फोटो, आतला सगळा माल आणि प्रत्येकाचा टॅग नंबर वाचता येईल असा. तो नंबर तुमच्या नोंदणीशी जुळवून बघा, शेजारच्या पाहुण्याचा इम्पाला तुमच्या घरी आलेला मी पाहिलाय.

क्रेटवाला_अटलांटा

आणि क्रेटची मापं पण त्याच फोटोसोबत मागा. ६००० ने भागा. नंतर बिलावर जे किलो येतील ते त्याच्याशी जुळले पाहिजेत, नाही जुळले तर मला इथेच मेसेज करा.