मदत हवी आहे: जुन्या मॅसी १०३५ चा सेल्फ चावीवर उचलेना, सेफ्टी स्विच नीट करू की डायरेक्ट करू?

नमस्कार मंडळी. घरी मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टर आहे, आजोबांच्या वेळचा, बोनेटचा लाल रंग उन्हानं पार गुलाबी झालाय पण सिम्पसनचं तीन सिलिंडरचं इंजिन अजून ठणठणीत, ऑइल खात नाही, धूर नाही. गाव मोहोळ तालुक्यात. ज्वारीची पेरणी तोंडावर आलीय आणि याचं आता नाटक सुरू झालंय.

चावी स्टार्टला फिरवली की कधी एका झटक्यात सेल्फ मारतो आणि कधी काहीच नाही. काहीच नाही म्हणजे टक्क सुद्धा वाजत नाही, अँपिअरचा काटा जागचा हलत नाही. हेडलाइट लावून चावी फिरवून बघितली, लाइट जरा पण मंद होत नाहीत, म्हणजे बॅटरीतून करंट ओढलाच जात नाही असं मी धरून चाललोय. बॅटरी चांगलीय, सकाळी मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवते. टर्मिनलवर पांढरं साचलेलं ते गरम पाण्यानं धुऊन व्हॅसलीन लावलं, बॉडी अर्थची पट्टी जिथं बसते तिथला रंग घासून लोखंड उघडं केलं आणि परत आवळली. फरक शून्य.

पण एक गोष्ट लक्षात आली. गिअरशेजारचा हाय-लोचा (जलद-संथ वेगाचा) छोटा लिव्हर मधे एस (म्हणजे स्टार्ट) वर आणून तसाच थोडा खाली दाबून धरला आणि मग चावी फिरवली की बहुतेक वेळा मारतो. सोडला की परत गप्प. ज्यांच्याकडं नवी गाडी आहे त्यांच्यासाठी सांगतो, या मॉडेलला गिअरबॉक्सच्या झाकणावर एक छोटा सेफ्टी स्विच असतो, लिव्हर एस वर आला की त्याची पिन दाबली जाते आणि तेव्हाच चावीकडून सोलेनॉइडला (सेल्फला बॅटरी जोडणारा मोठा स्विच) करंट जातो. हाय किंवा लो मधे असेल तर सेल्फ मारायचाच नाही.

आमच्या तात्यांचा उपाय म्हणजे लांब पेचकस. मागच्या चाकापुढं उभं राहायचं, सोलेनॉइडवर दोन नट जोडायचे, ठिणगी उडाली की इंजिन सुरू. मिस्त्री म्हणतो सेफ्टी आता कुणी ठेवतच नाही, दोन वायरी एकत्र पिळून डायरेक्ट करून देतो, वाटलं तर डॅशवर हॉर्नचं बटन बसवतो, अर्ध्या तासाचं काम. मला ते नकोय. आमचा हँडब्रेक नावापुरता आहे त्यामुळं तात्या गाडी गिअरमधेच लावतात, आणि पुतण्या सारखा सीटवर चढून चावीशी खेळतो. डायरेक्ट केल्यावर गिअरमधे असलेला ट्रॅक्टर चावीवर पुढं उडी मारणार, आणि पेचकसवाला माणूस तर बरोब्बर चाकाच्या वाटेतच उभा असतो. डिझेल आहे, एकदा फिरलं की करंट नसला तरी थांबत नाही.

तर विचारायचं असं की स्विचच गेलाय हे पक्कं कसं करायचं, चावीचा स्विच पण जुनाच आहे, तो पण असू शकतो ना? आणि हा स्विच खोलून साफ होतो का सरळ बदलायचा? सोलापुरात अक्कलकोट रोडला एका दुकानात विचारलं तर त्यानं फोटो बघून मान हलवली, बस.

*

वायरमन_बार्शी:
दादा, बॅटरी आणि सेल्फ सोडून दे, ते ठीक आहेत, नाहीतर दाबून धरल्यावर तरी कशाला मारला असता. १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब घे, एक वायर बॉडीला, एक मोकळी. लिव्हर एस वर ठेव, कुणालातरी चावी स्टार्टला धरायला लाव आणि मोकळी वायर आधी सेफ्टी स्विचला चावीकडून येणाऱ्या टोकाला लाव. तिथंच बल्ब लागला नाही तर दोष चावीचा नाहीतर मधल्या वायरीचा. लागला तर स्विचच्या दुसऱ्या टोकाला लाव. तिथं अंधार म्हणजे चोर सापडला. दोन्हीकडं लागतोय आणि सोलेनॉइडच्या बारक्या टर्मिनलवर नाही तर मधली वायर उंदरानं खाल्लीय. सेल्फची मेन केबल टेस्ट करताना काढून ठेव, म्हणजे मधेच इंजिन फिरायचं टेन्शन नाही.

मंगळवेढेकर:
एवढं काय त्यात. आमचा पण १०३५ आहे, मी शाळेत होतो तेव्हापासून डायरेक्ट आहे, काही झालं नाही. उतारावर लावायचा, चाकाखाली दगड, सकाळी दगड काढला की गाडी सुरू, सेल्फच लागत नाही 😄

जुनं_लोखंड:
मंगळवेढेकर, काही झालं नाही म्हणजे अजून झालं नाही. आणि ही सोय काही कंपनीनं नवीन काढलेली भानगड नाही. १९४६ साली आलेल्या फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरला तर गिअरचा दांडाच एस कडं नेला की सेल्फ मारायचा, न्यूट्रलशिवाय सुरू होणारच नाही. आपला १०३५ त्याच घराण्यातला. पठ्ठ्यांनी तेव्हाच विचार केला होता.
मूळ प्रश्नाबद्दल, दाबल्यावर मारतो म्हणजे पिन पूर्ण आत जात नाही. एकतर स्विचची पिन झिजली, नाहीतर लिव्हरचं खालचं टोक झिजलंय. स्विच खोलायच्या आधी झाकणावरची माती ब्रशनं आणि डिझेलच्या फडक्यानं पुसून काढ, कारण ते भोक सरळ गिअरबॉक्समधे उघडतं, खडा आत पडला तर स्विच राहिला बाजूला. खोलल्यावर त्याच्याखाली वॉशर दिसले तर फेकू नको, त्यांच्या जाडीवर स्विच किती खाली बसतो ते ठरतं. एक पातळ वॉशर कमी केला की पिन तेवढी जास्त दाबली जाते. पण जपून, जास्त खाली गेला तर हाय-लो मधे पण दाबलेला राहील, मग सेफ्टी असून नसल्यासारखी.

*

धागाकर्ता:
बल्ब लावून बघितला. चावीकडच्या टोकाला लख्ख, दुसऱ्या टोकाला काही नाही, लिव्हर दाबला की लुकलुकतो. मग स्विच काढला, खाली तांब्याचे दोन वॉशर निघाले. पिनच्या डोक्यावर खड्डा पडलाय, नखाला लागतो. हातात धरून पूर्ण दाबला तरी मीटरवर आकडा स्थिर राहत नाही, म्हणजे आतले कॉन्टॅक्ट पण जळालेत. स्विचचं कवच कडा दाबून कायमचं बंद केलेलं आहे, खोलायचा म्हणजे फोडायचाच. आता नवीन आणतो म्हणतोय, पण तो पण काही दिवसांनी असाच जळणार नाही का?

वायरमन_बार्शी:
जळणारच, कारण सोलेनॉइड ओढताना सगळा करंट त्या बारक्या स्विचमधून जातो. हॉर्नचं बटन तर त्याहून लवकर वितळतं, ते तुझ्या मिस्त्रीला सांग. नव्या स्विचबरोबर ४० अँपिअरचा चार पिनचा रिले (बारक्या करंटनं मोठा करंट जोडणारा स्विच) घे, कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीची प्लस फ्यूज लावून, ८७ वरून सोलेनॉइडचं बारकं टर्मिनल, ८५ बॉडीला, आणि सेफ्टी स्विचमधून निघालेली वायर ८६ ला. मग स्विचमधून फक्त रिले ओढण्यापुरता करंट जाईल आणि चावी पण वाचेल. ८७ ची वायर जाड घे, हेडलाइटची नको. रिले डॅशखाली लाव, बोनेटमधे पाणी मारताना भिजतो.

जुनं_लोखंड:
आणि दुकानात फोटो दाखवू नको, जुना स्विच खिशात घालून ने. आटे आणि पिनची उंची जुळवून घे, नुसतं मॅसीचा म्हणाला तर हाताला येईल तो देतात. बसवल्यावर हाय मधे ठेवून, क्लच दाबून, चावी फिरवून बघ. मारला तर काढलेला वॉशर परत घाल.

धागाकर्ता:
ठीक, सोमवारी जातो सोलापूरला. हँडब्रेकच्या रॅचेटचं (लिव्हर अडकवून धरणारे दाते) पण विचारून येतो, तो पकडला तर तात्यांना गिअरमधे लावायची गरजच नाही. पेचकस मात्र मी आजच पेटीत घालून कुलूप लावलंय, तात्या सकाळपासून शोधालेत.