चासी आधी, इंजिन नंतर
मीटरवर 3 लाख किलोमीटर झालेली, गंजलेली पिकअप ठेवावी की मोडीत काढावी, या प्रश्नावर बहुतेक जण इंजिनाचीच चर्चा करतात. माझ्या मते अशा गाडीचे आयुष्य चासीवर, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या खालच्या पोलादी सांगाड्यावर ठरते. इंजिनाच्या रिंगा आणि बेअरिंग बदलता येतात, पण मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) हँगर जिथे चासीला जोडलेले असतात तिथला पत्रा आतून कुजला असेल, तर वरून मारलेला काळा रंग त्याचा पत्ताही लागू देत नाही. हातोडीने हलके ठोकत जावे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला किंवा स्क्रूड्रायव्हरचे टोक आत घुसले, तर तिथे कापून वेल्डिंग करण्यावाचून गत्यंतर नाही. बंद पेटीसारख्या चासीला पाणी निचऱ्यासाठी भोके असतात आणि ती चिखलाने बुजतात. ती मोकळी ठेवायला तर काही खर्चही येत नाही. गंजावर थेट जाड डांबरी लेप द्यावा असे काही जण सुचवतात, ते मात्र मला पटत नाही, कारण लेपाखाली ओल अडकते आणि गंज नजरेआड पसरत राहतो; त्यापेक्षा सांध्यांत झिरपणारे तेलकट संरक्षक द्रव्य दरवर्षी फवारावे. ब्रेकच्या पोलादी नळ्यांवर पापुद्रे सुटू लागले असतील, तर तांबे-निकेल मिश्रधातूच्या नळ्या बसवाव्यात, आणि हे काम इंजिनाला हात लावण्याआधी उरकावे.