आजोबांची दुनळी बंदूक: नाव नव्हे, नळीचं पोट पाहा

आजोबांची दुनळी बंदूक कुठे बनली, असं तुम्ही विचारलंय. भंडाऱ्याच्या वाड्यातल्या त्या बंदुकीच्या दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कलकत्त्याच्या दुकानाचं नाव आहे, म्हणून ती तिथेच बनली असं एकाने उत्तर दिलंय. घाई करू नका. कलकत्त्याचे व्यापारी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून बंदुका आणून आपलं नाव कोरत. मालगुजारांच्या घरात अशाच जास्त सापडतात.

आधी ती रिकामी असल्याची खात्री करा आणि परवान्याचे कागद शोधा. मग नळ्या उतरवून उलट्या करा. खरी कुंडली तिथे, घोड्याकडच्या सपाट भागावर असते. मुकुटाखाली एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड दिसले, तर ते बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे, म्हणजे नळ्या तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेचे, १९०४ पूर्वीचे. शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत १२ आणि खाली इंग्रजी सी असेल, तर नळी १८८७ नंतर तपासलेली. ‘नॉट फॉर बॉल’ (म्हणजे छऱ्यांसाठी, एकसंध गोळीसाठी नाही) असं कोरलेलं असेल, तर १८७५ ते १८८७ मधली.

आमच्या ब्रह्मपुरीकडच्या बंदुकीवर काहीच वाचता येत नव्हतं. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली, तेव्हा राजदंड उमटले. पण नळीवरची पाण्याच्या लहरींसारखी नक्षी काकाजींनी गंज समजून पॉलिश पेपरने घासून टाकली होती. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेल्या दमास्कस नळीची ती ओळख. मला आजही हळहळ वाटते. तुम्ही नुसतं सुती फडकं आणि हलकं तेल वापरा. आणि अशा नळीत आजचं काडतूस कधीच घालू नका, ती सहसा बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूसाठी (ब्लॅक पावडर) बनलेली.

अनुक्रमांकाचा फोटो तिरप्या उजेडात काढून ठेवा.