रोबुस्तो सिगार निम्म्यावर आला की कडू का लागतो?

प्रश्न – पाऊसवेडा, ठाणे
मेहुण्यांनी मे महिन्यात दुबईहून येताना क्यूबन रोबुस्तोची पेटी आणली. पहिले दोन सिगार उत्तम लागले. परंतु जुलैपासून प्रत्येक सिगार निम्म्यावर आला की जिभेवर कडवटपणा चढतो, आणि काही तर इतके घट्ट आहेत की ओढताना गाल दुखू लागतात. पेटी कपाटात, कपड्यांशेजारी ठेवली आहे. परीक्षणांत चामडे, कोको, देवदार अशा चवी वाचतो, मला मात्र धुरापलीकडे फारसे काही जाणवत नाही. दोष पानाचा, साठवणीचा की माझ्या जिभेचा? आणि सिगार चांगला हे नेमके कशावरून ठरवावे?

उत्तर – चौसष्टावा हिस्सा
जिभेला दोष देण्याआधी पेटीतली हवा मोजावी. पावसाळ्यात आपल्याकडे घरातील आर्द्रता सहज ८० टक्क्यांपुढे जाते, तर सिगारला ६५ ते ७० टक्के मानवते; क्यूबन पान मी ६५च्या आसपासच ठेवतो. ओलावा वाढला की आतली पाने फुगतात, हवेची वाट अरुंद होते, आपण जोर लावून ओढतो, निखारा प्रमाणाबाहेर तापतो आणि तोच ताप कडवटपणा होऊन जिभेवर उतरतो. त्यामुळे घट्ट ओढ आणि कडू चव या आपल्या दोन तक्रारी मुळात एकच आहेत. सिगार हवाबंद डब्यात, ओलावा राखणाऱ्या पुडीसह तीन आठवडे ठेवावेत. डब्यात ठेवायचा आर्द्रतामापक आधी तपासून घ्यावा: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते लापशीइतके ओले करावे आणि मापकासह बंद डब्यात ठेवावे, एका दिवसाने आकडा ७५ यायला हवा.

परीक्षणाचे म्हणाल, तर टोपी, म्हणजे सिगारचे तोंडाकडचे बंद टोक, जेमतेम दोन मिलिमीटर कापून, न पेटवताच एक ओढ घ्यावी. वाट मोकळी आहे की नाही हे तिथेच कळते. पेटवताना ज्योत पानाला न टेकवता धग द्यावी, आणि पुढे मिनिटाला एकच झुरका घ्यावा. रोबुस्तो १२४ मिलिमीटर लांब आणि ५० रिंगचा, म्हणजे इंचाच्या ६४ भागांपैकी ५० भाग जाड असतो. त्याचे मनाशी तीन भाग पाडून प्रत्येकाची वेगळी नोंद करावी. शेवटचा भाग तीव्र होणारच, कारण धुरातला ओलावा आणि चिकटा तोंडाकडच्या टोकाशी साचत जातो. मी गुण देतो ते पहिल्याकडून दुसऱ्या भागात जाताना चव बदलते का, यावर.

उत्तर – वखारीचा नातू, निपाणी
वरील मताशी सहमत आहे. केवळ राखेवरून प्रत ठरवू नये, एवढी भर घालतो. राखेचा पांढरेपणा पानातल्या मॅग्नेशियमसारख्या खनिजांवर अवलंबून असतो, आणि ती लांबवर टिकली तर आत अखंड पाने भरली आहेत इतकेच समजते. कडेने वेडेवाकडे जळणे मात्र जरूर टिपावे. आतल्या भरणीत व्होलादो पान जळण्यासाठी, सेको सुगंधासाठी आणि सावकाश जळणारे लिहेरो जोमासाठी असते. वळणाऱ्याने लिहेरो मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवले, तर ती बाजू मागे राहते.

धूर तोंडात फिरवून त्यातला थोडा नाकावाटे सोडून पाहावा, कारण बहुतेक बारकावे नाकालाच कळतात. (फुप्फुसात न घेतल्याने मुखकर्करोगाचा धोका टळत नाही, हेही ध्यानात असावे.) चवीसाठी परक्यांचे शब्द कशाला उसने घ्यावेत? आजोबांच्या वखारीत वाढल्यामुळे माझ्या वहीत ‘नवे गोणपाट’, ‘जायफळ’, ‘करपलेले शेंगदाणे’ अशाच नोंदी आहेत आणि त्या मला वर्षानंतरही कळतात. एक शंका: कपड्यांशेजारी म्हणजे डांबरगोळ्यांशेजारीही का?

प्रश्नकर्ता – पाऊसवेडा
होय, दोन गोळ्या त्याच खणात सापडल्या. पेटी तत्काळ हलवली. मिठाच्या चाचणीत मापकाने ७१ दाखवले, म्हणजे तो चार अंक कमी सांगतो, आणि पेटीत त्याचा आकडा ७९ आला. तीन सिगार हुंगल्यावर डांबराचे वाटले, ते वेगळे काढले आहेत. उरलेले डब्यात ठेवले असून गणपतीनंतर एक पेटवून नोंदी इथेच लिहीन.