ऑल्दोसोबत बट का चालत नाही?

चोडणची आई
मुलगा पाचवीत. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होता, आता एकदम सगळं इंग्रजीतून. निबंधात त्याने लिहिलं, "ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट द फेरी केम." बाईंनी 'बट'वर लाल काट मारली. पुढे "वी गॉट ऑफ ॲट रायबंदर, अँड टूक अ बस" इथला स्वल्पविरामही खोडलाय. कारण काहीच लिहिलेलं नाही. त्याला काय सांगू?

म्हापसेकर
'अँड', 'बट'च्या आधी स्वल्पविराम हवाच. आम्हाला तरी असंच शिकवलंय.

फोंड्याचे मास्तर (निवृत्त)
नाही हो, बाईंचं बरोबर आहे.

मराठीत 'जरी' आला की मागोमाग 'तरी' येतो. पोरं तीच जोडी इंग्रजीत नेतात, माझ्या वर्गात दरवर्षी हेच. इंग्रजीला तिथे एकच शब्द पुरतो. 'ऑल्दो' गौणत्वसूचक, पावसाचं वाक्य तो दुय्यम करून टाकतो. 'बट' प्रधानत्वसूचक, दोन्ही वाक्यांना सारखा मान देतो. दोघांतला एक ठेवा, कुठलाही. 'बिकॉज' लिहून पुढे 'सो' लावतात, तेही असंच. (1611च्या किंग जेम्स बायबलात 'ऑल्दो'च्याच अर्थाच्या 'दो'पुढे 'येट' सापडतो, पण ते पाचवीच्या वहीत नको.)

स्वल्पविरामासाठी त्याला 'अँड'पर्यंतचं सगळं बोटाने झाकायला सांगा. उरलं "टूक अ बस". कोणी घेतली? कर्ताच नाही, म्हणून स्वल्पविराम नाही. "वी गॉट ऑफ, अँड द फेरी वेंट बॅक" यात मागचा तुकडा स्वतःच्या पायावर उभा आहे, तिथे द्यायचा.

फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो ही सात अव्ययं, इंग्रजी आद्याक्षरं जोडून, 'फॅनबॉइज' म्हणून घोकून घेतात. घोकू दे, पण 'कारण' या अर्थी 'फॉर' आता बोलताना कोण वापरतो? त्यापेक्षा 'नॉर' नीट करून घ्या. त्याच्यापुढे क्रम उलटतो: "ही डिड नॉट कॉल, नॉर डिड ही कम."

म्हापसेकर
बरं, मानलं. आणि 'बट'ने वाक्य सुरू केलं तर?

फोंड्याचे मास्तर (निवृत्त)
खुशाल करा, इंग्रजी पेपरांत रोज दिसतं. परीक्षेत मात्र टाळलेलं बरं, तपासणाऱ्याचा काय भरवसा!

चोडणची आई
बोटाची युक्ती जमली त्याला. आता "राइस, हुमण, अँड सोलकढी" यावर अडलाय. शेवटचा स्वल्पविराम ठेवू?

फोंड्याचे मास्तर (निवृत्त)
दोन्ही चालतं. बाई फळ्यावर लिहितात तसं लिहू दे.